उत्तरेचा उजेड आणि अण्णांचे डोळे

गेल्या काही वर्षांत एक फोटो तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. बर्फाने पांढरे झालेले डोंगर, पायथ्याशी एखादे तांबडे लाकडी घर आणि वर आकाशभर लहरणारा हिरवागार पडदा. कुणाच्या भाच्याने पाठवलेला, नाहीतर कुठल्या सहल कंपनीच्या जाहिरातीत छापलेला. आमच्या घरी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता, डिसेंबरच्या पानावर. अण्णा सकाळचा चहा घेताना रोज त्याच्याकडे पाहत. एके दिवशी म्हणाले, ‘हा हिरवा खरा असेल का गं? की छपाईवाल्यानं चढवलाय?’

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना हा प्रश्न पडावा हे साहजिकच होते. कराडमध्ये त्यांनी पस्तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. कृष्णधवल फोटोंच्या जमान्यात लग्नाचे फोटो हाताने रंगवून देण्यात त्यांचा हातखंडा होता. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून ते नवरीच्या गालांवर गुलाबी, शालूवर हिरवा आणि दागिन्यांवर पिवळा रंग असा काही चढवत, की पाहुणे म्हणत, ‘अगदी हुबेहूब!’ पुढे रंगीत फिल्म आली, मग डिजिटल कॅमेरा आला आणि २००९ मध्ये स्टुडिओला कुलूप लागले. पण रंग पारखणारी नजर काही गेली नाही. साडीच्या दुकानात आई आजही त्यांनाच विचारते, ‘दिवसाउजेडी हा कसा दिसेल हो?’

माझा दादा नोकरीनिमित्त नॉर्वेत, ओस्लोला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये आई-अण्णा आणि मी त्याच्याकडे गेलो. आईच्या गुडघ्यांना बर्फाची धास्ती, म्हणून ती नातीजवळ थांबली. अण्णा, दादा आणि मी विमानाने आणखी उत्तरेला, ट्रॉम्सो नावाच्या गावी निघालो. तारीख मुद्दाम निवडली होती, १३ डिसेंबर. अमावास्या आदल्याच दिवशी झालेली, म्हणजे आकाशात चंद्राचा त्रास नाही. आणि मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा भर नेमका त्याच रात्री. ध्रुवीय प्रकाश आणि उल्का, दोन्ही एकाच फोटोत पकडायच्या आणि त्यावर या सदरात लिहायचे, असा माझा बेत. नवा कॅमेरा, रुंद कोनाची लेन्स, तिपाई, सगळी जय्यत तयारी. अण्णांनी मात्र सोबत घेतली एक वही आणि दोन पेन्सिली. मी म्हटले, ‘अण्णा, तुमचा कॅमेरा?’ तर म्हणाले, ‘तू आहेस की. मला नुसतं बघू दे.’

सूर्य न उगवणारे गाव

ट्रॉम्सो साधारण ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्याही बरेच वर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास एक निळसर संधिप्रकाश पसरतो आणि मग पुन्हा रात्र. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे किनारा फारसा गोठत नाही, पण त्याच कारणाने ढगांचा भरवसा नसतो. म्हणून वाटाडे प्रवाशांना गाडीत घालून दोन तासांवरच्या स्किबोत्नच्या दरीकडे नेतात. लिंगेनचे उंच डोंगर समुद्रावरची वाफ अडवतात, त्यामुळे पलीकडची हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस माणकडे जाताना कसा नाहीसा होतो, तसेच हे.

आमचा वाटाड्या तिथलाच, पन्नाशीचा, अबोल माणूस. रात्री साडेनऊला त्याने गाडी थांबवली तेव्हा तापमान होते उणे एकवीस. श्वास घेतला की नाकातले केस ताठ झाल्याचे कळत होते. गाडीचे दिवे विझले आणि अण्णांनी पहिल्यांदा आकाशाकडे पाहिले.

‘अगं, ध्रुव कुठं गेला?’

कराडच्या गच्चीवरून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर दिसतो. तिथे तो जवळजवळ डोक्यावर आला होता. उलट आपल्याकडे हिवाळ्यात उंच चढणारा मृग तिथे दक्षिणेच्या डोंगररांगेला टेकल्यासारखा उभा. व्याध तर चार अंशांपेक्षाही कमी वर येतो, म्हणजे डोंगराआडच राहतो. गावाहून आलेल्या माणसाला शहरात ओळखीची माणसे भलत्याच जागी भेटावीत, तसे अण्णा एकेका ताऱ्याला शोधत होते. मिथुनेतले दोन तेजस्वी तारे, पुनर्वसू, तिथे कधी मावळतच नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी वहीत पहिली नोंद केली.

‘मला राखाडी दिसतंय’

पावणेअकराच्या सुमारास वाटाड्याने उत्तरेकडे हात केला. डोंगराच्या माथ्यावर एक फिकट पट्टा उमटला होता. आजूबाजूला आणखी दोन गाड्यांतली माणसे होती. लगेच कॅमेऱ्यांची, फोनची लगबग सुरू झाली. मीही दहा सेकंदांचा फोटो घेतला. मागच्या पडद्यावर पाहते तो काय, लखलखीत हिरवी कमान! मी ओरडलेच. शेजारीही आनंदाचे चीत्कार चालू होते.

अण्णा गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, ‘तुला हिरवं दिसतंय ना?’

‘हो की! केवढं सुंदर!’ मी पडद्यावरची नजर न काढताच म्हणाले.

‘मला राखाडी दिसतंय. ढग असावा तसं.’ मग थांबून म्हणाले, ‘डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं राहिलंय. उजवा वाढला असेल. पण आता डाव्यानंही रंग दिसेना. तुझ्या आईला सांगू नकोस.’

वाचकहो, ज्या माणसाने आयुष्यभर रंगांवर पोट भरले, तो उणे एकवीस तापमानात, अंधारात उभा राहून मुलीला सांगत होता की मला रंग दिसत नाहीत. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. लपवायची धडपड मात्र होती.

मी कॅमेरा सोडला आणि प्रथमच आकाशाकडे नीट पाहिले. खरे सांगते, मलाही राखाडीच दिसले. विरळ धुक्याचा एक पट्टा, कुठे किंचित उजळ, कुठे फिका. हिरवा असलाच तर असावा असे वाटण्यापुरता. मी ‘हो की’ म्हणाले होते ते आकाशाकडे पाहून नव्हे, पडद्याकडे पाहून.

मी वाटाड्याला विचारले. तो हसून म्हणाला, ‘असा मंद असतो तेव्हा सगळ्यांनाच राखाडी दिसतो. सांगत कुणी नाही. इतके पैसे खर्चून आलेले असतात ना!’

डोळा आणि कॅमेरा

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अगदी अंधुक उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. म्हणून चांदण्यात अंगणातली जास्वंद लाल न दिसता काळपट दिसते. मंद ध्रुवीय प्रकाशात शंकूपेशींना पुरेल इतका उजेडच नसतो. त्यातून वय वाढले की अंधारात बाहुली तरुणपणाइतकी विस्फारत नाही, म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेड आणखी कमी.

कॅमेऱ्याचे तसे नाही. डोळा क्षणभराचा उजेड पाहतो आणि पुढच्या क्षणाचा नव्याने पाहतो. कॅमेरा मात्र पाच-दहा सेकंद झडप उघडी ठेवून थेंब थेंब उजेड साठवत राहतो, जशी गळक्या नळाखाली ठेवलेली बादली पहाटेपर्यंत भरते. हिरवा रंग आकाशात असतोच. तो खोटा नाही. आपल्या डोळ्याला तो पोचत नाही, एवढेच.

मी हे सगळे अण्णांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, ‘म्हणजे आमच्या धंद्याच्या उलट झालं की. नवरीचे गाल गुलाबी असायचेच, पण फिल्मला दिसायचे नाहीत, म्हणून आम्ही रंग चढवायचो. तेव्हा कॅमेरा रंगांधळा होता आणि डोळा शहाणा. इथं डोळा रंगांधळा आणि कॅमेरा शहाणा.’

आणि त्यांनी लोकरीच्या टोपीआडून माझ्याकडे पाहिले तेव्हा, त्या अंधारातही, त्यांचा चेहरा सैल झाल्याचे मला कळले.

हा उजेड येतो कुठून?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बहुतांशी बाजूला सारते, पण या रेटारेटीत साठलेल्या ऊर्जेमुळे इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवांभोवतीच्या हवेत शिरतात. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आठवते? तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉन येऊन काचेवर आदळत आणि काच उजळे. इथे काचेच्या जागी वातावरण असते. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० किलोमीटरच्या वरचा लाल, आणि झोत जोरदार असेल तर खालच्या काठाला नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार दिसते. नऊवारीला काठ असावा तशी.

नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलॅन्ड यांनी १८९६ च्या सुमारास ही कल्पना मांडली. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांनी प्रयोगशाळेत छोटा ध्रुवीय प्रकाश करून दाखवला. १८९९ मध्ये आल्ताजवळच्या हाल्दे डोंगरावर वेधशाळा बांधून घेतली. त्यांच्या म्हणण्याला पुरती पुष्टी मिळाली ती पुढे कितीतरी वर्षांनी, १९६० च्या दशकात, उपग्रहांकडून.

त्या काळच्या थंडीची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगते. ब्यॉर्न हेलान्ड-हान्सेन नावाचा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी १८९० च्या दशकात ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासमोहिमेवर गेला आणि हिमदंशाने बोटांचे तुकडे गमावून परतला. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले. पुढे तो समुद्राचा अभ्यास करू लागला आणि मोठा सागरशास्त्रज्ञ झाला. हे मला त्या रात्री आधी ठाऊक असते, तर कॅमेऱ्याची बटणे दाबायला मी हातमोजा इतक्या वेळा काढला नसता. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पुढे आठवडाभर बधिर होती.

ध्रुवीय प्रकाशाचा पहिला फोटोही इथल्याच मुलखातला. जर्मनीच्या मार्टिन ब्रेन्डेल यांनी तो १८९२ मध्ये आल्ताजवळच्या बोसेकोप येथे काढला. १९१० पासून कार्ल स्टॉर्मर यांनी एक युक्ती केली. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे ठेवायचे, टेलिफोनवरून एकमेकांना इशारा देऊन एकाच क्षणी फोटो घ्यायचा आणि मागच्या ताऱ्यांवरून उंची मोजायची. ध्रुवीय प्रकाशाचा खालचा काठ साधारण १०० किलोमीटरवर असतो, हे त्यातून पक्के झाले. म्हणजे फोटो शोभेसाठी नव्हता, मोजमापासाठी होता. अण्णांना ही गोष्ट फार आवडली.

उल्कांची नोंदवही

अकरानंतर उल्का वाढल्या. फेथॉन नावाचा एक खडकाळ लघुग्रह आहे. १९८३ मध्ये एका उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. सूर्याला फेरी मारताना तो बुधाच्या कक्षेच्याही आत जातो. त्याच्या वाटेवर सांडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला जाते. वाळूच्या कणाएवढे, फार तर वाटाण्याएवढे हे खडे सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि बहुतेक १०० ते ८० किलोमीटर उंचीवर जळून जातात. ध्रुवीय प्रकाशाचा तळ आणि उल्कांचा शेवट जवळजवळ एकाच मजल्यावर. हे अंतर पुणे-मुंबई रस्त्यापेक्षाही कमी आहे!

अण्णा घडीच्या खुर्चीत, दोन रजया पांघरून बसले. टोपीवर लाल दिवा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. ‘डार्करूमची आठवण झाली,’ ते म्हणाले. पेनची शाई थंडीत दगा देते म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली होती, तेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. एक उल्का की एक रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. दुकानातल्या हिशेबासारखे. साडेअकरा ते साडेबारा या तासाभरात त्यांनी अडतीस रेघा ओढल्या.

माझी काय अवस्था? थंडीने पहिली बॅटरी अर्ध्या तासात मान टाकली. दुसरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला हवी होती, ती बॅगेत राहिलेली, म्हणून तीही अर्धमेली. लेन्स फोकसला आहे ना हे पाहायला मी वारंवार वाकत होते आणि प्रत्येक वेळी तोंडातली वाफ लेन्सकडे जात होती.

पावणेएकला मी खाली मान घालून बॅटरी बदलत असताना अचानक बर्फ उजळला. माझ्या हातांची सावली पडली! पाठोपाठ सगळ्यांचा एकच ‘आऽऽ’. मी वर पाहीपर्यंत काही उरले नव्हते, विझत जाणारा एक पुसट धागा सोडून.

मी दादाकडे धावले. त्याचा फोन भलत्याच दिशेला होता. मग मला दिलासा वाटला, की मघाशी बॅटरी संपण्याआधीचे फोटो तरी बरे असतील. ते पाहिले. सलग वीस-पंचवीस फोटोंत नुसता धुरकट गोळा. लेन्सवर माझ्याच श्वासाचे दव गोठले होते.

म्हणजे त्या रात्रीच्या सर्वांत मोठ्या उल्केची आमच्याकडची एकमेव नोंद अण्णांच्या वहीत आहे. पेन्सिलीने काढलेली एक तिरपी रेघ, शेवटी दुभंगलेली, आणि बाजूला त्यांच्या नेटक्या अक्षरात: ‘१२.४५. पुनर्वसूकडून सप्तर्षीकडे. आधी पिवळी, मग हिरवट. शेवटी दोन तुकडे. आवाज नाही.’

आणि मग हिरवा

एकच्या पुढे वाटाडा अचानक बोलू लागला. इतका वेळ निवांत पडलेली कमान हलायला लागली होती. तिच्यातून उभ्या चुण्या पडल्या, एक टोक पश्चिमेकडून सरसर वर आले आणि बघता बघता पडदा आमच्या डोक्यावर आला. या वेळी कुणाला कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहायची गरज नव्हती. बर्फ हिरवा, गाडीचे टप हिरवे, दादाचा चेहरा हिरवा. खालच्या काठाला गुलाबी किनार वाऱ्यावर पदर उडावा तशी धावत होती.

मी बारीकसारीक आकडे लावून कॅमेऱ्याला आपोआप फोटो घेत राहायला सांगितले आणि अण्णांच्या खुर्चीजवळ बर्फातच बसले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोपटी नाही. शेवाळी पण नाही. साल काढलेल्या कैरीचा हिरवा आहे.’

मी वर पाहिले. अगदी तोच होता.

‘कॅलेंडरवाल्यानं चढवलाय,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पस्तीस वर्षांच्या कारागिराचे समाधान होते.

सात-आठ मिनिटांत सारे ओसरले. पुन्हा तोच राखाडी पट्टा. पण आता अण्णांना तो राखाडी असण्याचे दुःख नव्हते.

फोटो काढायचाच असेल तर

माझ्या चुकांतून शिकलेले थोडक्यात सांगते.

* तिपाई भक्कम हवी. लेन्स रुंद कोनाची आणि शक्य तेवढी उघडणारी हवी. फोकस आपोआप होत नाही. एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने नेमका लावावा आणि मग हात लावू नये.
* ध्रुवीय प्रकाश मंद असेल तर आठ-दहा सेकंद, जोरात नाचत असेल तर दोन-तीन सेकंद झडप उघडी ठेवावी. नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसून जातात. संवेदनशीलता १६०० ते ३२०० पुरे.
* उल्का कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून पंधरा-वीस सेकंदांचे फोटो सलग घेत राहायचे. शेकडो फोटोंत दोन-चार उल्का सापडल्या तर नशीब चांगले समजावे.
* जास्तीच्या बॅटऱ्या शरीराच्या उबेत, आतल्या खिशात ठेवाव्यात. लेन्सजवळ श्वास सोडू नये. फ्लॅश कधीही वापरू नये. शेजाऱ्यांचे शाप लागतात.
* सर्वांत महत्त्वाचे: उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि काही तास उघडू नये. नाहीतर फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखे त्याला पाणी सुटते.
* बोटे बधिर झाली की फोटो थांबवावा. फोटो पुन्हा काढता येतो.

आणखी एक. एकाच फोटोत वीस-पंचवीस उल्का पडताना दाखवणारी चित्रे तुम्ही पाहिली असतील. ती बहुधा रात्रभराच्या अनेक फोटोंतल्या उल्का एकत्र जोडून केलेली असतात. मेहनत मोठी असते आणि तसे सांगितले असेल तर त्यात फसवणूकही नाही. पण तो एक क्षण नव्हे, हे माहीत असलेले बरे. नाहीतर आपण गच्चीवर जातो, दहा मिनिटांत दोनच उल्का दिसतात आणि ‘आमच्या नशिबात नाही’ म्हणत खाली येतो.

नॉर्वे नको, गच्ची पुरे

हे सगळे वाचून खर्चाचा आकडा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल. तर एक आनंदाची गोष्ट. मिथुन राशीतल्या उल्कांसाठी आपला महाराष्ट्र ट्रॉम्सोहून सरस आहे! तिथे त्यांचा उगमबिंदू फार तर निम्म्या आकाशापर्यंत चढतो. आपल्याकडे रात्री दोनच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. दरवर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर एखाद्या गावी, दहानंतर चटई टाकून आडवे व्हा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ फोन उघडू नका. चंद्र कधी मावळतो ते पंचांगात आधी पाहून ठेवा. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या.

ध्रुवीय प्रकाशही अगदीच परका नाही. १० मे २०२४ रोजी सुरू झालेल्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हान्ले येथून कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल आभा टिपली. इतक्या दक्षिणेकडून पडद्याचा उंचावरचा लाल भागच क्षितिजाच्या वर डोकावतो, म्हणून ती लाल. आणि तीही प्रामुख्याने कॅमेऱ्यालाच दिसण्याजोगी. पुन्हा तीच गोष्ट!

परत आल्यावर मी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्या रात्री राखाडी दिसले त्यात त्यांच्या डोळ्यांचा दोष नव्हता, पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होताच. फेब्रुवारीत ऑपरेशन झाले. रंग फिके दिसू लागले तर वयाच्या नावावर खपवू नका, घरातल्या वडीलधाऱ्यांना तपासून घ्या, हेही या निमित्ताने सांगते. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

माझ्या नऊशेंपैकी एका फोटोत हिरव्या पडद्यावर एक केसाएवढी पांढरी रेघ उमटली आहे. उल्का. मी तो फोटो मोठा करून आणला. अण्णांनी खिडकीपाशी नेऊन, एकेक डोळा झाकून पाहिला.

‘चांगला आलाय,’ ते म्हणाले. ‘पण निळा जरा जास्त झालाय.’

मोतीबिंदूने पिवळटलेले भिंग गेले की निळा रंग पुन्हा लख्ख दिसू लागतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तरी मी संगणकावर ताडून पाहिले. निळा खरोखरच जास्त झाला होता.